नवमीला चार प्लेटा कमी

खंडेनवमीला व्यायामशाळेतलं सगळं लोखंड धुवायचं, पुसायचं, त्याला तेलाचं बोट लावायचं आणि मारुतीसमोर ओळीनं मांडून ठेवायचं, म्हणजे दसऱ्याला सकाळी पूजा करता येते. व्यायामशाळा चालवणाऱ्या घाडींनी हे कधी चुकवलं नाही. गिरण्यांच्या संपात घरातली चूल दिवसातून एकदाच पेटायची, तेव्हाही नाही. दोन वर्षांपूर्वी आनंदाचा धाकटा भाऊ ऐन सर्वपित्रीला गेला. घरात सुतक होतं, म्हणून शेजारच्या तावड्यांच्या हातून पूजा करवून घेतली आणि घाडी मंडळी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी राहिली. माणसाला सुतक असतं, लोखंडाला नसतं, असं घरातल्या सर्वांत थोरल्या आबांचं म्हणणं.

मोजायचं काम आनंदाचं. बेस्टच्या डेपोतून निवृत्त झाल्यापासून तो व्यायामशाळेचा अध्यक्ष होता, आणि अध्यक्षाला वर्षभर दुसरं काही काम नसल्यामुळे हे एक तो जीव तोडून करायचा. यंदा त्यानं तीनदा मोजलं. नव्या प्लेटा होत्या, बार होते, डंबेल होती, कोपऱ्यातले लाकडी मुदगलसुद्धा होते. जुन्या चार प्लेटा नव्हत्या.

जुन्या म्हणजे गिरणीतून आलेल्या. काळ्या, जाड, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेल्या, अंगावर पांढऱ्या रंगात वीसचा आकडा. मूळच्या दहा. संपात सहा भंगारात गेल्या, चार राहिल्या. याच दहा प्लेटा वीस किलोच्या बारला लावून आनंदाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, अठ्ठ्याहत्तर साली जमिनीवरून दोनशे वीस किलो उचललं होतं आणि भोईवाड्याच्या महादेव तांडेलाला पंधरा किलोंनी हरवलं होतं. लालबागच्या पोरांनी तेव्हा त्यांना खांद्यावर घेऊन चाळीभोवती फिरवलं होतं. भिंतीवर अजून रंगवलेलं होतं : श्री. दगडू घाडी, २२० किलो. दर गणपतीआधी त्यावर रंगाचा नवा हात फिरायचा.

"कुलूप तुटलेलं नाही," वैभव म्हणाला. तो आनंदाचा मुलगा, हातात तेलाचं फडकं. "म्हणजे चावीवाल्यानंच नेल्या."

"चाव्या दोन आहेत."

"एक आबांच्या खोलीत खिळ्याला. आबा ब्याऐंशीचे आहेत, पप्पा. त्यांना बादली उचलवत नाही. राहिली दुसरी."

दुसरी आकांक्षाकडे होती. आनंदाच्या मेलेल्या भावाची मुलगी, श्रावणात राष्ट्रीय स्पर्धेत पॉवरलिफ्टिंगचं रौप्यपदक घेऊन आलेली. घराण्यात आबांच्या नंतर लोखंडाला तिच्यासारखा हात कुणाचा लागला नाही, हे आनंदाला मान्य होतं. पण मान्य असणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

"ती कशाला नेईल?"

"सकाळी कुणाला शिकवते? अर्ध्या पोरी भोईवाड्याच्या. त्यातली एक तर तांडेलांची नात, किर्ती. आणि गेल्या आठवड्यात जेवताना आकांक्षा काय म्हणाली? 'जुन्या प्लेटा बाहेर न्यायच्या आहेत.' तुम्ही पण ऐकलंत."

आनंदानं ऐकलं होतं. मिरची गल्लीतल्या मनूभाऊंच्या मसाल्याच्या गिरणीत मोठा वजनकाटा आहे, त्यावर सगळ्या प्लेटा घालून बघायच्या, असं काहीतरी ती बोलत होती. तेव्हा त्यानं भाकरी मोडता मोडता मान हलवली होती. आता त्याला वाटलं, काट्याचं निमित्तच असेल. चोराला बहाणा लागतोच. मग लगेच त्याला हेही आठवलं की वैभवच्या एका मित्राला सकाळच्या वेळेत इथं मशिनं लावून जिम चालवायची आहे, आणि वैभव सहा महिने त्यासाठी मागे लागलाय. त्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा मुदगलाला नको इतक्या भक्तीनं तेल लावत होता.

"दुपारी सगळ्यांना आबांच्या खोलीत बोलव," आनंदा म्हणाला.

*

आबा आणि सुभद्राआजी तळमजल्यावर, व्यायामशाळेपासून चौथ्या खोलीत राहायचे. आकांक्षा आणि तिची आई नम्रता दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरताना नम्रतानं पदर दोनदा सारखा केला. नवरा गेल्यापासून या घरात तिला कुणी वाईट बोललं नव्हतं, पण विधवा भावजयीला बैठकीला बोलावतात ते तिचं मत विचारायला नव्हे, हे तिला ठाऊक होतं.

आणि खरं सांगायचं तर तिचाही मुलीवर पुरता विश्वास उरला नव्हता. स्पर्धा संपली, पदक मिळालं, आता तीन महिने ऑफ-सीझन, असं आकांक्षाच म्हणाली होती. ऑफ-सीझन म्हणजे सुट्टी, असा नम्रताचा समज. पण पोरगी पहाटे पाचला उठायचीच. जेवण वाढलं होतं, वजन वाढलं होतं, आणि टपाल ऑफिसातून आली की वहीत काहीतरी लिहीत बसायची. हल्ली पोरं कसल्या गोळ्या घेतात ते टीव्हीवर दाखवतात, म्हणून नम्रतानं एकदा तिची पिशवी तपासली होती. गोळ्या नव्हत्या. वहीत अकरा बायकांची नावं होती आणि प्रत्येकीपुढे आकडे. त्यानं तिचं समाधान व्हायला हवं होतं, पण एकदा मनात पाल चुकचुकली की ती काही केल्या गप्प बसत नाही.

खोलीत सगळे जमले होते. आबा खुर्चीत, आजी पलंगावर, आनंदा आणि वैभव खाली चटईवर. आजीनं एरवी सुनेला बघून बूड हलवून जागा केली असती. आज ती पलंगाच्या मधोमध तशीच बसून राहिली. पलंगाखाली गोधड्या कोंबलेल्या होत्या. गुडघे दुखत असतील, असं नम्रताला वाटलं.

आकांक्षा ऑफिसमधून अर्धी रजा टाकून थेट आली.

"बस," आनंदा म्हणाला.

"उभी बरी आहे, काका. काय झालंय?"

"जुन्या चार प्लेटा कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? रॅकला. काल सकाळी होत्या. आज धुण्यापुसण्यामुळे आम्ही आलोच नाही."

"आता नाहीत."

नम्रता मुलीच्या तोंडाकडे बघत होती. त्यावर आश्चर्य होतं. खरं की आणलेलं, ते आईलाही ठरवता येईना, आणि या गोष्टीची तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मग वैभवदादाला विचारा," आकांक्षा म्हणाली.

"मला? मला कशाला?"

"तुझ्या मित्राला जागा कुणाची हवीय? माझ्यावर चोरीचा आळ आला की सकाळची वेळ आपोआप मोकळी होते."

"ए, तोंड सांभाळून बोल हां. मी मित्राला आणतोय ते उघड आणतोय. तुझ्यासारखं लपूनछपून नाही. स्पर्धा नाही, काही नाही, मग रोज साडेपाचला कुणासाठी जातेस तू?"

"अकरा जणींसाठी. त्यात लपवलंय काय? केईएम हॉस्पिटलातल्या दोन आया आहेत, मासळीवाल्या तिघी आहेत, पन्नाशीची एक शिक्षिका आहे." आकांक्षाचा आवाज चढला. "काका, मला पहिला पट्टा कुणी दिला? ठाण्याच्या एका ताईनं. ओळख ना देख. माझ्या कमरेला साधी ओढणी बांधलेली बघितली आणि स्वतःचा पट्टा काढून दिला. म्हणाली, मला परत देऊ नकोस, पुढच्या पोरीला दे. स्पर्धेच्या दिवसांत मला माझ्या नाकापलीकडचं दिसत नाही. हे तीन महिनेच असतात माझ्याकडे कुणाला काही द्यायला."

"द्यायला," वैभव म्हणाला. "तेच तर विचारतोय. काय काय दिलंस?"

आनंदानं हात वर करून त्याला थांबवलं. "आणि ते वजन करायचं खूळ काय आहे?"

"खूळ नाही. ऑफ-सीझनला मी हलकं उचलते. आठ-आठ वेळा, दर वेळी जमिनीवर पूर्ण थांबून. जड उचलताना माणूस नुसता झगडतो, हलक्यात त्याला बारीकसारीक कळतं. नव्या प्लेटा लावल्या की आठवी उचल जड जाते. जुन्या लावल्या, तेवढंच वजन, की आरामात येते. एकदा नाही, महिनाभर बघतेय. रविवारी नवख्यांचा मेळा ठेवलाय. बायका आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उचलणार. साठ सांगून छप्पन उचलायला लावले, तर ती बाई जन्मभर खोटा आकडा सांगत फिरेल. तिचा दोष काही नसताना."

आबांना ठसका लागला. नम्रतानं उठून त्यांना पाणी दिलं. 

"म्हणजे आबांची वजनं खोटी?" वैभवनं हळूच विचारलं. त्यानं बरोबर नस पकडली होती. आनंदाचं तोंड लाल झालं. आतापर्यंत तो न्यायाधीश होता, आता मुलगा झाला.

"आकांक्षा, अठ्ठ्याहत्तर साली मी दहा वर्षांचा होतो. डोळ्यांनी बघितलंय मी. या वजनांवर या घराचं नाव उभं आहे आणि तू ती मसाल्याच्या काट्यावर घालणार?"

"घालायलाच हवीत, काका."

"आकांक्षा, माफी माग," नम्रता म्हणाली.

"कसली?"

"माग म्हणते ना." मग तिला राहवलं नाही. ती मुलीजवळ गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांग. तांडेलांकडे दिल्यास का? दिल्या असशील तर परत आणू. मी येते बरोबर. कुणी काही म्हणणार नाही."

आकांक्षानं आईकडे बघितलं. दोनशे किलोच्या बारखालीही कधी उतरला नव्हता तसा तिचा चेहरा उतरला.

"आई, तू पण?"

नम्रताला शब्द परत घ्यावेसे वाटले. पण बोललेलं आणि सांडलेलं कुणाला परत घेता येतं?

आनंदानं निकाल दिला. उद्या पूजा झाली की सगळ्यांसमोर चावी परत करायची. सकाळची वेळ बंद. रविवारचा मेळा रद्द. "आबा, तुमचं काय म्हणणं?"

आबा भिंतीकडे बघत होते. "आनंदा अध्यक्ष आसा," ते म्हणाले.

आकांक्षा क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला उभं राहायला, श्वास पोटात धरायला, पाठ सरळ ठेवायला ज्या माणसानं शिकवलं, त्या माणसाकडून तिला एका वाक्याची अपेक्षा होती. ते आलं नाही. ती वर निघून गेली.

*

सगळे गेल्यावर सुभद्राआजी पलंगावरून खाली उतरली. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. तिनं दार लोटलं, आणि गोधड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "हयसर काय आसा ता मी काल बघलंय."

आबांनी डोळे मिटले.

काल, अष्टमीच्या दुपारी, चाळ आडवी झालेली असताना तिला जाग आली होती ती गोणपाटावर काहीतरी घासल्याच्या आवाजानं. तिनं पापण्यांच्या फटीतून बघितलं. नवरा एकेक प्लेट उभी करून, तिच्या पुढ्यात गोणपाट अंथरत, लोळवत आणत होता. पोराला चालायला शिकवावं तसा. मध्येच थांबून छातीला हात लावत होता. चौथी आत घालून झाल्यावर तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. तिला वाटलं, आता उठावं आणि विचारावं. पण साठ वर्षांच्या संसारात नवऱ्याला असं चोरासारखं वागताना तिनं कधी बघितलं नव्हतं, आणि तिला भीती वाटली. तिनं डोळे मिटून घेतले. संध्याकाळी गुपचूप गोधड्या कोंबल्या.

"बघलंस, मगे गप कित्याक रवलंस?"

"तुमीच काय ता सांगतलास म्हणून."

 मग आबा बोलले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर थांबेनात.

त्या प्लेटा म्हणजे गिरणीच्या जुन्या मागांची वजनं होती. माग मोडीत निघाले तेव्हा फिटर खात्यातल्या दोस्तांनी ती मागून आणली, मधली भोकं मोठी करून दिली आणि रंगवली. वजनं होती विलायती, चाळीस रतलांची, म्हणजे पौंडांची. दोन रतलांचा एक किलो, असा सगळ्यांचा तोंडी हिशेब. चाळीसाचे वीस झाले. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. संपात आबांनी सहा प्लेटा भंगारवाल्याकडे नेल्या. एकशे वीस भरायला हव्यात, भरल्या एकशे नऊ. ते भंगारवाल्याच्या अंगावर धावून गेले, त्याचा काटा खोटा म्हणाले. दुसऱ्या काट्यावर नेल्या. तिथंही एकशे नऊच. घरी येताना रस्त्यात त्यांना समजलं. रतल अर्ध्या किलोचा नसतो. थोडा कमी असतो. एकेक प्लेट अठराची, वर शे-दीडशे ग्रॅम.

"म्हणजे तेव्हा तुमी उचललात किती?"

"दोनशे एक."

"आणि म्हादेवान?"

"दोनशे पाच. तेना आपल्या तालमीत उचलला. तेंची वजना दुकानातली, खरी."

सुभद्राआजी खाली बसली. महादेव तांडेलाला पोरं काय म्हणायची ते तिला आठवलं. 'पंधरा कमी.' मासळीबाजारात त्याच्या तोंडावर म्हणायची. तीसुद्धा एकदा हसली होती, कडेवर धाकटा मुलगा होता तेव्हा. त्यानंतर त्या माणसानं व्यायामशाळेचं तोंड बघितलं नाही.

"तेव्हाच सांगूक व्हया होता."

"संप होतो. नोकरी गेली, भांडी गेली. नाव तेवढा उरला होता गे. ता पण कसा देव?" आबा गोधड्यांकडे बघत होते. "मगे रवान गेला. एक वरीस गप रवलो की दुसऱ्या वर्सा तोंड उघडना नाय."

आजीला त्यांची कीव आली. रागही आला. दोन्ही एकदम आलं की तिच्या तोंडून रागच बाहेर पडायचा.

"तुमच्या नावासाठी चेडवाक चोर म्हणतत. ता चलता तुमका?"

 तिनं गोधड्या पुन्हा नीट कोंबल्या आणि पलंगावर जाऊन बसली. नवरा चुकला होता, हे तिला दिसत होतं. पण तो उघडा पडलेला तिला बघवणार नव्हता. नातीची समजूत नंतर काढता येईल, असं तिनं मनाला सांगितलं. तिला ते पटलं नाही.

*

दसऱ्याला सकाळी झेंडूच्या माळा घातलेल्या लोखंडापुढे आनंदानं नारळ फोडला, आरती झाली. त्या दिवशी वजनाला नुसता हात लावून नमस्कार करायचा असतो, उचलायचं नसतं. जुन्या प्लेटांची जागा मोकळी होती, आणि जो तो नमस्कार करताना आधी त्या मोकळ्या जागेकडे आणि मग आकांक्षाकडे बघत होता. चाळीतली चाळीसेक माणसं होती. दाराशी आकांक्षाच्या अकरा जणी उभ्या होत्या, नव्या साड्या नेसून आलेल्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नाही.

आबांना खुर्ची दिली होती. गुरुजी उठल्यावर आनंदानं घसा साफ केला आणि फार न बोलता सांगितलं, की काही वस्तू गहाळ झाल्यात, चौकशी चालू आहे, तोवर सकाळची वेळ बंद राहील. कुणाचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

आकांक्षा पुढे आली. ओढणीच्या गाठीतून तिनं चावी सोडवली आणि पूजेच्या ताम्हणात ठेवली. "मी नेल्या नाहीत," ती म्हणाली. "एवढंच सांगायचं होतं." ती रडत नव्हती. रडली असती तर आबांना सोपं गेलं असतं.

दाराशी हालचाल झाली. एक सावळी, उंच मुलगी चपला काढून आत आली. तिला कधी जवळून बघितलं नसतानाही आबांनी ओळखलं. खांदे महादेवचे होते.

"मी किर्ती तांडेल," ती आनंदाला म्हणाली. "चाळीत काय बोलतायत ते ऐकलं आम्ही. आमच्या घराची झडती घ्या. आताच चला. आमच्याकडे लोखंड नाहीये काका. आजोबांनी होतं नव्हतं ते विकून टाकलं. मला हात लावू द्यायचे नाहीत वजनाला. म्हणायचे, लोखंडानं मला चारचौघांत खोटं पाडलं, तू नको जाऊस त्याच्या वाटेला. ते मे महिन्यात गेले, तेव्हा कुठे मी ताईकडे आले."

"तसं कुणी म्हणत नाही," आनंदा पुटपुटला.

"म्हणताय तुम्ही," किर्ती म्हणाली.

आबा खुर्चीतून उठले. त्यांना बरं वाटत नसेल म्हणून वैभव धरायला पुढे आला, त्याचा हात त्यांनी झिडकारला. भिंतीला धरत धरत ते तीन खोल्या ओलांडून आपल्या खोलीत गेले. सुभद्राआजी पूजेला आलीच नव्हती. पलंगावर बसून होती.

"वायच बाजूक हो गे."

तिनं त्यांच्याकडे बघितलं.  उतरली, गोधड्या ओढून बाहेर टाकल्या आणि म्हणाली, "थांबा. एकट्याक जमाचा नाय तुमका."

बाहेर सगळ्यांना आधी आवाज ऐकू आला. लादीवर लोखंड घरंगळत येतं तेव्हा जड, सावकाश, गुरगुरल्यासारखा आवाज येतो. आज गोणपाट नव्हतं. मग दारात दोघं दिसली, वाकलेली, एका प्लेटेला दोन्ही बाजूंनी धरून लोळवत आणणारी. आनंदा धावला. आबांनी त्याला हात लावू दिला नाही. प्लेट मारुतीपुढे नेऊन त्यांनी आडवी पाडली, आणि आवाजानं भिंतीपाशी उभी असलेली पोरं दचकली.

"अजून तीन आहेत माझ्या पलंगाखाली," आबा म्हणाले. "मी नेल्या. आकांक्षानं वजन करणार म्हटलं म्हणून नेल्या."

 आबांनी श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. रतल, किलो, भंगारवाल्याचा काटा, संपाचं वर्ष. त्यांचा आवाज मध्येच बसायचा, मग ते थांबायचे. आनंदा एकदा म्हणाला, "आबा, पुरे," पण त्यांनी ऐकलं नाही. शेवटी ते किर्तीकडे वळले.

"तुझ्या आजोबांनी दोनशे पाच उचललं होतं. मी दोनशे एक. जिंकला तो होता."

किर्तीचे डोळे भरले, पण ती मऊ झाली नाही. "तुम्ही हे मे महिन्याआधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "बाजारात येता तुम्ही. ते रोज तिथंच बसायचे."

"होय," आबा म्हणाले. 

वैभवला तोंड कुठे लपवावं कळेना, तो मुदगल सरळ करू लागला. नम्रता आकांक्षाजवळ जाऊन उभी राहिली. तिला लेकीचा हात धरायचा होता. काल आपण काय विचारलं ते आठवून तिनं धरला नाही. आनंदानं ताम्हणातली चावी उचलली, तिला लागलेलं कुंकू सदऱ्याला पुसलं आणि पुतणीपुढे धरली.

"घे. माझं चुकलं."

आकांक्षानं चावी घेतली नाही. ती आजीकडे बघत होती. "आजी, तुला माहीत होतं?"

"परवापासून," आजी म्हणाली, आणि पदरानं तोंड झाकून घेतलं.

"आबा, रतलाची चूक ती चूक," आकांक्षा म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. "त्यात काय आहे? मी तुम्हाला हसले असते एवढंच. दोनशे एक काय कमी आहे? पण काल तुम्ही समोर बसला होतात. मी चोर ठरत होते आणि तुम्ही भिंतीकडे बघत होतात."

*

संध्याकाळी चाळीत सोनं लुटायला सुरुवात झाली. या दारातून त्या दारात आपट्याची पानं फिरू लागली. घाडींच्या घरात दर वर्षी पहिलं सोनं आकांक्षा द्यायची, कारण ती धाकटी. आबा चारपासून खुर्चीत बसून होते. आनंदानं आणून दिलेली चावी त्यांच्या मुठीत होती. सुभद्राआजीनं दोनदा चहा केला, दोनदा तो निवला.

सात वाजता आकांक्षा आली. तिनं आईला बरोबर आणलं नव्हतं. आबांच्या हातावर तिनं आपट्याचं पान ठेवलं. मग आजीच्या हातावर ठेवलं. नमस्काराला मात्र ती वाकली नाही. सरळ उभी राहिली. आबांनीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं की पाठीला पटत नसेल तेव्हा वाकायचं नाही. त्यांनी मान हलवली, आणि मूठ उघडून चावी पुढे केली.

"ती तुमच्याकडे राहू दे," आकांक्षा म्हणाली. "उद्यापासून साडेपाचला कुलूप तुम्ही काढायचं. रविवारीपण. मेळा होणार आहे, काकांना मी सांगितलंय. मनूभाऊंचा काटा उद्या इथंच येतोय. आणि त्या प्लेटा लावताना प्रत्येकीला तोंडानं सांगायचं, ही अठराची आहे म्हणून. किर्तीलासुद्धा."

"सांगेन," आबा म्हणाले. "आणि तू?"

"मी येईन. तुमच्याशी बोलेन की नाही ते मला माहीत नाही."

ती दारापर्यंत गेली. आबांना राहवलं नाही. या वयात माणूस आशेला लाजत नाही.

"पण येशील मा गे, बाय?"

ती वळली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, आणि ते लपवायची तसदी तिनं घेतली नव्हती.

"येणार ना," ती म्हणाली. "माझ्या पोरी आहेत तिथं."